सात मोटरी आणि एक बोलकं पॅनेल

एका गावात एक भोळा ऑपरेटर होता आणि त्याला एक शहाणी बायको होती. तो भोळा आहे हे गावाचं मत. ती शहाणी आहे हे तिचं स्वतःचं.

ऑपरेटरचं नाव अवधूत. तात्या देसायांच्या भाताच्या गिरणीत तो पॅनेलवर असे. बायकोचं नाव वृषाली. लग्नाला दीड महिना झालेला. ती फार बोलत नसे. सासरी तेरा माणसं, आणि तेराही बोलणारी, त्यामुळे तिच्या वाट्याला बोलणं उरतच नसे. पण ती बारावी सायन्स होती. मनातल्या मनात सगळ्यांना दुरुस्त करत असे.

गिरणीच्या आवारात ऑपरेटरसाठी एक खोली होती. दहा बाय दहा, पत्र्याची, भिंतींना कायम कोंडा चिकटलेला. तिथं नवराबायको दोघंच राहत. सासरच्या घरी त्यांच्या वाट्याला माजघर आलं होतं, आणि मागच्या दारी जायची वाट माजघरातूनच होती. तेरा माणसांची. त्यामुळे वृषालीला ही कोंड्याची खोली जिवापाड प्यारी होती.

गिरणीत सात मोटरी. पूर्वी सात मोटरींची सात लोखंडी कपाटं होती. प्रत्येकाला एक हिरवं बटण, एक लाल. प्रत्येकातून वायरींची वेणी निघून आपापल्या मोटरीकडे जायची. या कपाटाचं त्या कपाटाला काही माहीत नसे. मोटर बंद पडली की कपाट गप्प. का पडली, विचारायची सोय नाही. अवधूत कपाट उघडायचा, वास घ्यायचा, चहा पिऊन यायचा आणि बटण दाबायचा. बहुतेक वेळा मोटर सुरू व्हायची. नाही झाली तर आणखी एक चहा.

मग तात्यांनी नवं पॅनेल आणलं.

नव्या पॅनेललाही सात कपाटंच होती. पण प्रत्येकाच्या पोटात एक छोटी हुशार डबी होती, आणि सातही डब्या एकाच बारीक तारेत ओवलेल्या, माळेतल्या मण्यांसारख्या. तारेचं टोक टेबलावरच्या स्क्रीनमध्ये. ते जोडून द्यायला कंपनीचे चौगुलेसाहेब चार दिवस आधीपासूनच येऊन बसले होते. ते म्हणाले, "अवधूतदादा, जुन्या पॅनेलला दोनच गोष्टी ठाऊक. चालू आणि बंद. हे पॅनेल बोलतं. कुठली मोटर किती करंट घेते, किती तापली, का थांबली, सगळं सांगतं. बंद पडायच्या आधीच सांगतं, की आता पडेल. इथं बसून सातही चालवता येतात."

"चहा कधी प्यायचा मग?" अवधूतनं विचारलं.

तात्या कमरेवर हात ठेवून उभे होते. ते म्हणाले, "शनिवारी साहेब पॅनेल आपल्या ताब्यात देणार. त्या दिवशी अवधूतानं सगळी गिरणी एकट्यानं चालवून दावायची. जमलं तर ऑपरेटर. न्हाई जमलं तर पोती मोजायला जायचं आन् खोली रिकामी करायची. काय?"

अवधूतनं मान हलवली. दाराआड वृषालीनं 'खोली रिकामी' एवढंच ऐकलं.

"एक ध्यानात ठेवा," चौगुलेसाहेब म्हणाले. "आता प्रत्येक वेळी उठून मोटरीकडे पळायचं नाही. स्क्रीन काय सांगतो ते ऐकायचं."

एकदा सांगितलेलं अवधूत कधी विसरत नसे. सगळा घोळ त्यातच होता.

मंगळवारी सकाळी एलेव्हेटरखालची पन्हळ निसटली. भात वर चढायचं सोडून जमिनीवर पडायला लागलं. हमाल ओरडला, "अवधूतदा, भात सांडतंय!"

अवधूतनं स्क्रीन बघितला. सगळं हिरवं. तो म्हणाला, "काही सांडत नाही."

"आरं माझ्या घोट्यापातूर आलंय!"

"स्क्रीन तसं म्हणत नाही."

भात हमालाच्या गुडघ्यापर्यंत आलं तेव्हा तात्यांनी स्वतः येऊन लाल बटण दाबलं. मोटरी सगळ्या ठणठणीत होत्या. स्क्रीन खरं तेच बोलत होता. फक्त भात कुठं जातंय हे त्याला कुणी विचारलं नव्हतं.

दुपारी जेवताना वृषालीनं समजावलं. शेवटी ती बारावी सायन्स होती.

"अहो, स्क्रीनला मोटर कळते. भात कळत नाही. माणसं ओरडली की आधी सगळं बंद करायचं. मग बघायचं."

"आधी बंद. मग बघायचं," अवधूत म्हणाला.

वृषालीला आपल्या समजावण्याचं कौतुक वाटलं. तिनं त्याला जास्तीची भाकरी वाढली.

बुधवारी हमालांनी दुपारच्या सुट्टीत मोबाईलवर क्रिकेट लावलं. सुट्टी संपली तरी सामना संपेना. एक षटकार गेला. आठ जण एकदम ओरडले.

अवधूतनं सगळं बंद केलं.

जुन्या पॅनेलमध्ये सगळं बंद करायचं म्हणजे सात बटणं, सात कपाटं, बारा पावलं. तोवर माणूस शुद्धीवर यायचा. नव्यात एकच बटण. भाताची सालं काढणाऱ्या हलरच्या तोंडात भात, पॉलिशरच्या पोटात तांदूळ, सगळं जिथल्या तिथं अडकलं. उपसून काढायला दोन तास लागले.

"का बंद केलंस?" तात्यांनी विचारलं.

"ओरडले."

"का ओरडले?"

"ते बघायचं राहिलं," अवधूत म्हणाला. "मग बघायचं होतं."

त्या संध्याकाळी वृषालीनं पुन्हा समजावलं. चूक तिचीच होती, पण शिकवणाऱ्यानं चूक कबूल केली की शिकणाऱ्याचा विश्वास उडतो, असं तिचं मत होतं.

"अहो, जुनं पॅनेल मुकं होतं. हे कारण सांगतं. त्याचा उपयोग करा की! कुणी बंद कर म्हणालं तर आधी कारण विचारायचं. कारण पटलं तरच बंद."

"आधी कारण," अवधूत म्हणाला.

गुरुवारी तात्या नव्या थाटात आले. पांढरंशुभ्र धोतर, खांद्यावर जरीकाठी उपरणं. माल पुढं नेणाऱ्या पट्ट्याजवळ वाकून त्यांनी तांदूळ मुठीत घेतला. उपरण्याचं टोक पट्ट्याच्या रुळात गेलं.

"बंद कर!" तात्या ओरडले.

"कारण?" अवधूतनं खिडकीतून विचारलं.

"उपरणं! माझं उपरणं!"

अवधूतनं स्क्रीनवरची कारणांची यादी उघडली. बोट लावून वाचली. भार जास्त. भार कमी. एक फेज गेला. तापमान. जमिनीत विजेची गळती. "तात्या, उपरणं ह्यात नाही. दुसरं काही सांगता का?"

तात्यांनी काय काय सांगितलं ते यादीत नव्हतंच, कुठल्याच यादीत नसतं. तात्या खांदा सोडवून मागं सरले. उपरणं पुढं गेलं. पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला जर वेगळी आणि सूत वेगळं निघालं.

"आपली गिरणी साल आन् दाणा वेगळा करती, ते बाकी खरं," एक हमाल म्हणाला.

वृषालीनं त्या दिवशी भाजीत मीठ दोनदा घातलं. उरले दोन दिवस. तिच्या डोळ्यांपुढं माजघर दिसायला लागलं, आणि माजघरातून मागच्या दारी जाणारे मामंजी.

"अहो," ती म्हणाली, "सगळं आधीच टाळता आलं पाहिजे. नव्या पॅनेलची खरी खुबी तीच आहे. जुनं बंद पडल्यावर कळायचं. हे आधी कळवतं. तापायला लागलं की लगेच जाहीर करायचं. भार कमी करायचा. आणि तरी बंद पडलंच तर घाईनं सुरू करायचं नाही, थंड होऊ द्यायचं."

"आधी कळवायचं, भार कमी, थंड होऊ द्यायचं," अवधूत म्हणाला. तीन गोष्टी एकदम त्याच्या लक्षात राहिल्या म्हणून वृषाली खूश झाली.

शुक्रवारी सकाळी तात्यांकडे तांदळाचे व्यापारी आले. ऑफिसात शिऱ्याच्या बशा आल्या. व्यापारी म्हणाले, तांदळात कणी फार आहे. तात्यांचा आवाज चढला. अवधूत दाराशी निरोप घेऊन उभा होता. त्यानं तात्यांकडे नीट बघितलं. कान लाल. कपाळावर घाम.

"मंडळी," तो म्हणाला, "तात्या तापायला लागलेत. अजून बंद पडले नाहीत, पण पडतील."

व्यापाऱ्यांनी बशा खाली ठेवल्या.

"भार कमी करतो," असं म्हणून अवधूतनं तात्यांच्या हातातली शिऱ्याची बशी काढून घेतली.

तात्या बंद पडले. तोंड उघडं, शब्द नाही. व्यापाऱ्यांपैकी एक पुढं होऊन त्यांना हलवायला लागला, तसं अवधूतनं त्याचा हात धरला. "लगेच नाही. पंधरा मिनिटं थंड होऊ द्या." आणि पंधरा मिनिटं तो घड्याळाकडे बघत तिथंच उभा राहिला. बशी त्याच्या हातातच होती.

व्यापारी मात्र हसून हसून बेजार झाले आणि दोन ट्रक तांदूळ सांगून गेले. त्यामुळे तात्यांनी अवधूतला त्याच दिवशी हाकललं नाही. एवढंच म्हणाले, "उद्या शनिवार. उद्या बघतो तुला."

वृषालीनं ठरवलं, आता नियम शिकवायचे नाहीत. नियमांनीच वाट लावली. ह्या माणसाला मोटरींचे स्वभाव कळले पाहिजेत. दुपारी जेवताना तिनं आजूबाजूला बघितलं, कुणी नव्हतं, आणि सासरी आल्यापासून पहिल्यांदाच ती सलग बोलली.

"हे बघा. चाळणी म्हणजे तुमची ताई. आलेल्या प्रत्येकातून खडा काढल्याशिवाय पुढं जाऊ देत नाही. दोन एलेव्हेटर म्हणजे तुमचे दोघे धाकटे भाऊ. एकानं वर न्यायचं, दुसऱ्यानंही वर न्यायचं, आणि मधे सांडलं कुणी ते दोघांनाही माहीत नाही. हलर म्हणजे आत्याबाई."

"आई?"

"दिवसभर थांबायचं नाव नाही. समोर येईल त्याचं साल काढणार. तोंडात फार कोंबलं तर तापणार. ब्लोअर म्हणजे मामंजी. आवाज मोठा, आणि नुसता वारा. पॉलिशर म्हणजे जाऊबाई. आतून कसंही असो, वरून चकचकीत. आणि मालाचा पट्टा म्हणजे थोरले भाऊजी. जे अंगावर येईल ते पुढच्यावर ढकलायचं."

अवधूतचा घास हातात राहिला. त्याच्या चेहऱ्यावर कधी नव्हे तो उजेड पडला. "असं होय! मग आईला आधी थांबवलं आणि भाऊ चालूच राहिले, तर आईच्या अंगावर ढीग पडणार!"

"तेच तर!"

"आणि आई थांबली की आबा रिकामेच फिरणार!"

"अगदी बरोबर!"

दीड महिन्याच्या संसारात वृषालीला इतका आनंद झाला नव्हता. आपल्यासारखी शहाणी बाई ह्या पंचक्रोशीत नाही, असं तिला त्या क्षणी मनापासून वाटलं.

तासाभरानं चौगुलेसाहेबांनी अवधूतला स्क्रीनपुढं बसवलं. "आता प्रत्येक मोटरीला नाव द्या. तुम्हाला चटकन ओळखू येईल असं. एक पथ्य आहे. सगळ्या एकाच तारेवर आहेत, म्हणून नावं वेगवेगळी हवीत. नावाखाली मोबाईल नंबर टाका. त्या मोटरीचं काही झालं की त्या माणसाला मेसेज जाईल."

चटकन ओळखू येईल असं, म्हणाले साहेब. अवधूतनं दिलं. नावं वेगवेगळी हवीत, म्हणाले. ती होतीच. नंबर त्याला पाठ होते.

शनिवारी तात्यांनी पॅनेलची पूजा ठेवली. अवधूतच्या घरचे तेराच्या तेरा आले. आत्याबाई खुर्चीत बसल्या. वृषाली डोक्यावर पदर घेऊन खोबऱ्याच्या वाटीसह दाराशी उभी राहिली.

अवधूतनं गिरणी सुरू केली. एकामागून एक, मागच्या टोकापासून पुढं, अशी काही सुरेख की चौगुलेसाहेबांनी मान डोलावली. तात्यांच्या कपाळाची आठी गेली. वृषालीनं डोळे मिटून देवाला हात जोडले. वाचली खोली, असं ती म्हणणार, इतक्यात ओल्या भाताचं एक पोतं गेलं आणि हलरचा भार वाढला.

आत्याबाईंचा मोबाईल वाजला. त्यांनी तो शेजारी बसलेल्या नातीला दिला. नात शाळेत जाते, मोठ्यानं वाचते.

"आई तापते आहे. तोंडात अडकलं आहे. भार कमी करा."

"कोण तापतंय?" आत्याबाई तापून म्हणाल्या.

"घाबरू नको, आई," अवधूत स्क्रीनवरून मान न काढता म्हणाला. "मी दोघा भावांना थांबवतो, मग तुला थांबवतो."

त्यानं थांबवलं. अगदी बरोबर क्रमानं. लगेच मामंजींचा मोबाईल वाजला. नात वाचायला तयारच होती. "आबांना काही काम नाही. रिकामे फिरत आहेत."

"खरं आहे," आत्याबाई म्हणाल्या, आणि मग भानावर येऊन ओरडल्या, "अवध्या! काय चाललंय हे?"

नवं पॅनेल कारण सांगतं. अवधूतनंही सांगितलं. हलर म्हणजे कोण, ब्लोअर म्हणजे कोण, पॉलिशर म्हणजे कोण, सगळं कारणांसकट. साल काढण्यासकट. जाऊबाईंपर्यंत आला तेव्हा हमालांनी पोती खाली ठेवली होती.

"आणि हे तुला शिकवलं कुणी?"

"वृषालीनं," अवधूत अभिमानानं म्हणाला. "फार हुशार आहे ती, आई. तुम्हाला कुणाला माहीतच नाही."

तेरा माना दाराकडे वळल्या. वृषालीनं हातातली वाटी उंबऱ्यावर ठेवली. ती भिंतीच्या कडेनं अवधूतपाशी गेली आणि कुजबुजली, "अहो, मोठ्यांची नावं काढा आधी! पाया पडते."

"कुणाची घालू मग? नाव हवंच."

"माझं घाला! माझं एकटीचं घाला, पण घरच्या कुणाचं नको."

सून म्हणून हा त्याग आपण केला, हे निदान सगळ्यांनी बघितलं, असं तिला वाटलं. शहाण्या माणसाला अशा वेळीही काहीतरी वाटतच असतं.

अवधूतनं भराभर टाइप केलं. सातही ठिकाणी. एकटीचं.

चौगुलेसाहेब धावले तोवर झालं होतं. चालू होतं नव्हतं ते सगळं थांबलं. गिरणीत एकदम शांतता. आणि त्या शांततेत घरच्यांचे सात मोबाईल एकाच वेळी वाजले; नंबर जुनेच होते. नातीनं वाचलं.

"वृषाली प्रतिसाद देत नाही."

"हे सांगायला पॅनेल कशाला हवं?" जाऊबाई म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून आम्ही तेच म्हणतोय."

"दादा, काय केलंत!" चौगुलेसाहेबांनी कपाळाला हात लावला. "जुन्या पॅनेलला सातही कपाटांवर एकच नाव रंगवलं असतं तरी चाललं असतं. हे सगळे एका तारेवर आहेत! आता वृषाली म्हणून विचारलं की सातही जणी एकदम बोलतात, म्हणून काहीच ऐकू येत नाही. पण सुरू हो म्हटलं तर सातही ऐकतील. बटणाला हात लावू नका. वृषाली नीट प्रतिसाद देईपर्यंत हात लावायचा नाही!"

"नाही लावत," अवधूत म्हणाला. बोट बटणाच्या जरा वर धरून तो वाट बघत बसला.

तात्या हळूहळू पुढं आले. "पोरगी कवा प्रतिसाद देती ती देऊ दे. अवधूता, सोमवारपासनं पोती. आन् खोलीची किल्ली हितं."

ते ऐकलं आणि वृषालीच्या आत काहीतरी सुटलं. डोक्यावरचा पदर पडला. तेरा माणसं, आठ हमाल, एक साहेब आणि तात्या, सगळ्यांच्या देखत ती मोठ्यानं बोलली.

"तात्या, चूक त्यांची नाही, माझी आहे! त्यांना बंद कर म्हणून मीच शिकवलं, कारण विचार म्हणूनही मीच. बशी काढून घेतली ती माझ्यामुळं. नावं माझी. मी बारावी सायन्स आहे, पण मला प्रकाश आणि बेडूक एवढंच शिकवलंय! आज त्यांनी गिरणी किती छान चालवली ते बघितलंत ना? आम्हाला खोली राहू द्या. त्या माजघरात माणसाला दोन शब्द बोलता येत नाहीत हो!"

आत्याबाईंनी डोळ्यांना पदर लावला. तात्यांनी घसा खाकरला. किल्लीसाठी पुढं केलेला हात त्यांनी मागं घेतला. ते "बरं" म्हणायच्या बेतात होते.

अवधूतचा चेहरा खुलला होता. "साहेब!" तो म्हणाला. "दिला!"

आणि त्यानं बटण दाबलं.

सात मोटरी, बहुतेकांची तोंडं भरलेली, एका हुकमात एकदम उठल्या. गिरणीनं एक हुंकार दिला. मग चौकातल्या ट्रान्सफॉर्मरनं दिला. तो मोठा होता. त्यानंतर गावातले पंखे, पिठाची चक्की आणि पंचायतीचा भोंगा एकापाठोपाठ गप्प झाले.

पाऊण तासानं लाइनमन शिडी घेऊन आला. वर चढला, खाली उतरला. "नवा ट्रान्सफॉर्मर यायला आठ दिवस लागतील," तो म्हणाला.

"मग माझी परीक्षा?" अवधूतनं विचारलं.

"वीज आल्यावर," चौगुलेसाहेब पिशवी भरत म्हणाले.

"आन् तवर ऱ्हावा खोलीत," तात्या म्हणाले. त्यांच्या अंगात भांडायचं त्राण नव्हतं.

आठ दिवस. गिरणी बंद, पॅनेल मुकं, आणि खोलीत दोघंच. वृषालीनं खाली बघून चेहरा गंभीर ठेवायचा फार प्रयत्न केला.

लाइनमननं खिशातून वही काढली, पेन झटकलं. "वर कळवावं लागतं. ट्रान्सफॉर्मर जळायचं कारण काय लिहू?"

अवधूत पुढं झाला. त्याला कारण पक्कं माहीत होतं.

"लिहा," तो म्हणाला, "वृषालीनं प्रतिसाद दिला."